रसेल, जॉर्ज विल्यम

रसेल, जॉर्ज विल्यम : (१० एप्रिल १८६७ – १७ जुलै १९३५). आयरिश कवी, गूढवादी विचारवंत, चित्रकार, संपादक आणि आयर्लंडमधील सहकारी चळवळीचा एक प्रमुख संघटक. ‘ए. ई.’ ह्या टोपणनावाने तो अधिक परिचित आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयर्लंडमध्ये झालेल्या वाङ्‌मयीन पुनरुज्‍जीवनाच्या प्रवर्तकांत विल्यम बटलर येट्सच्या बरोबरीने त्याचा उल्लेख केला जातो. प्राचीन केल्टिक पुराणकथांत एक संपूर्ण अध्यात्मविद्या दडलेली आहे, अशी त्याची श्रद्धा होती. त्या अध्यात्मविद्येचा अर्थ त्याने काव्यातून सांगितला आणि तिच्या आधारे शेतकऱ्यांच्या आर्थिक जीवनाची घडी बसविण्याचाही प्रयत्न केला. गूढानुभव आणि लोकव्यवहार ह्या दोन क्षेत्रांत एकाच निष्ठेने वावरणारा लेखक म्हणून आधुनिक यूरोपीय साहित्यात त्याचे स्थान वेगळे आहे.

जीवन : आयर्लंडच्या उत्तर भागातील आर्मा परगण्यात लर्गन ह्या गावी एका प्रॉटेस्टंट कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील हिशेबनीस होते. रसेल अकरा वर्षांचा असताना हे कुटुंब डब्लिनला स्थायिक झाले. तेथील मेट्रोपॉलिटन स्कूल ऑफ आर्ट ह्या कलाशाळेत चित्रकलेचे शिक्षण घेत असताना १८८४ मध्ये त्याची येट्सशी ओळख झाली. ही मैत्री अनेक मतभेदांसह रसेलच्या मृत्यूपर्यंत टिकली. येट्सने आयरिश लोककथांचा आपला संग्रह (१८८८) ‘गूढवादी मित्र’ म्हणून त्यालाच अर्पण केला होता.

वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षापासून रसेलला दृष्टान्त होऊ लागले. आर्माच्या ग्रामीण परिसरात भटकताना डोंगर, झाडे आणि हवा ही सर्व एखाद्या तेजोमय सृष्टीचे पारदर्शक आवरण असल्याची जाणीव त्याला वारंवार होई. ह्या तेजोमय सृष्टीत उंच, प्रकाशमान देहाच्या आकृतीही त्याला दिसत. पुढे अशाच आकृती तो आपल्या चित्रांत रंगवू लागला. चित्रकलेत उपजत गती असूनही तिला त्याने आपला व्यवसाय केले नाही. १८९० पासून सुमारे सात वर्षे त्याने डब्लिनमधील एका मोठ्या कापडदुकानात कारकुनी केली. दिवसा हिशेबाच्या वह्या आणि रात्री ध्यान, अध्ययन व लेखन असा त्याचा त्या काळातील क्रम होता.

त्याच्या टोपणनावाची हकीकत प्रसिद्ध आहे. ईश्वरी मनात मानवाच्या कल्पनेचा प्रथम उदय कसा झाला असेल, हे दाखविणारे एक चित्र तो योजीत होता. त्याला काय नाव द्यावे ह्या विचारात असताना ‘ईऑन’ हा शब्द आपल्या कानी कोणीतरी कुजबुजला, असे त्याला वाटले. ह्या शब्दाचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता. पुढे थोड्याच दिवसांत ग्रंथालयात उघड्या पडलेल्या एका पुस्तकात तो शब्द त्याला आढळला. ईश्वरापासून प्रकट झालेल्या चिरंतन सत्त्वांना प्राचीन नॉस्टिक पंथात हे नाव होते. हा शब्द त्याने एका लेखाखाली सही म्हणून वापरला. जुळारी अथवा मुद्रितशोधक ह्यांना तो नीट लागला नाही आणि पहिल्या दोन अक्षरांपुढे प्रश्नचिन्ह घालून मुद्रिते परत आली. रसेलने ती दोन अक्षरेच कायम केली.

१८९८ मध्ये व्हायोलेट नॉर्थ हिच्याशी त्याचा विवाह झाला. तीही त्याच्याच अध्यात्ममंडळातली होती. डब्लिनमधील रॅथगार ॲव्हेन्यूवरील त्यांच्या घरी दर रविवारी सायंकाळी लेखक, चित्रकार, राजकीय कार्यकर्ते आणि परदेशी पाहुणे ह्यांची बैठक भरत असे. आयर्लंडमधील नव्या लेखकांच्या दोन पिढ्या ह्या बैठकीतून गेल्या.

थिऑसफी आणि भारतीय विचार : चार्ल्स जॉन्स्टन, येट्स इत्यादी तरुणांनी १८८५ मध्ये डब्लिन हर्मेटिक सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी तेथे थिऑसॉफिकल सोसायटीची शाखा निघाली. ह्याच सुमारास मोहिनी मोहन चतर्जी हे कलकत्त्याचे विद्वान गृहस्थ डब्लिनला आले. वेदान्तावरील त्यांच्या व्याख्यानांचा ह्या मंडळातील तरुणांवर खोल परिणाम झाला. जॉन्स्टनने पुढे काही उपनिषदांची इंग्रजी भाषांतरे केली. रसेल काही काळ थिऑसफीच्या अनुयायांच्या सामुदायिक निवासात राहिला. त्या घराच्या भिंतींवर त्याने आत्म्याच्या प्रवासाची चित्रे रंगविली आणि द आयरिश थिऑसॉफिस्ट (१८९२–९७) ह्या मासिकात विपुल लेखन केले. सोसायटीत फूट पडल्यावर १८९८ मध्ये तो तिच्यातून बाहेर पडला. तथापि हर्मेटिक सोसायटीचे त्याने पुनरुज्‍जीवन केले आणि आयर्लंड सोडीपर्यंत ती चालविली. तिच्या बैठकांतून उपनिषदे, भगवद्‌गीता आणि पतंजलीची योगसूत्रे ह्यांचे वाचन व विवरण होई.

भारतीय विचारातून रसेलने मुख्यतः तीन गोष्टी घेतल्या : जीवात्मा आणि परमात्मा ह्यांचे ऐक्य, पुनर्जन्म आणि विश्वाचा परमतत्त्वातून श्वासासारखा होणारा उद्‌गम व लय. त्याच्या काव्यात ‘महाश्वासा’ची प्रतिमा पुनःपुन्हा येते, तिचे मूळ ह्या तिसऱ्या कल्पनेत आहे. ‘कृष्ण’ ह्या शीर्षकाच्या त्याच्या कवितेत अवताराचा विचार आयर्लंडमधील एका झोपडीच्या दारात आणून उभा केला आहे. झोपडीपाशी खेळणारे मूल आणि मद्यालयातून बाहेर पडणारा झिंगलेला माणूस ह्या दोघांतही राजाधिराज पाहणारी ही कविता वेदान्ताचे आयरिश भूमीत झालेले रोपण म्हणता येईल.

केल्टिक परंपरेचा अन्वयार्थ : आयर्लंडमधील प्राचीन केल्टिक परंपरा प्रारंभी मौखिक होती. ख्रिस्ती मठांतील लेखकांनी मध्ययुगात ती लिहून ठेवली. डाना ह्या देवमातेचे वंशज मानलेले देव, मिलेशियन लोकांच्या आगमनानंतर त्यांचे डोंगरांखालील आणि प्राचीन थडग्यांखालील ‘शी’ नामक निवासांत झालेले स्थलांतर, तसेच कुहूलिन व फिन ह्या वीरांच्या कथा हा ह्या परंपरेचा मुख्य ऐवज होय. स्टँडिश ओग्रेडी ह्याने १८७८ पासून प्रसिद्ध केलेल्या आयर्लंडच्या वीरयुगाच्या इतिहासामुळे तो इंग्रजी वाचकांपुढे आला. रसेललाही ह्या कथांचा परिचय प्राधान्याने इंग्रजी रूपांतरांतूनच झाला. मात्र ओग्रेडीने ज्या कथांत राष्ट्राचा वीरकाल पाहिला, त्यांत रसेलने विश्वोत्पत्तीचे आणि आत्म्याच्या अवतरणाचे शास्त्र पाहिले.

द कँडल ऑफ व्हिजन (१९१८) ह्या आत्मनिवेदनपर निबंधसंग्रहात त्याने ह्या देवतामंडळाचा अर्थ पद्धतशीरपणे सांगितला आहे. त्याच्या मते लीर हे अनादी, अगाध तत्त्व. त्यातून प्रकट झालेला मॅनॅनन म्हणजे ईश्वरी कल्पनाशक्ती. डाना ही विश्वाची माता असून सूक्ष्म आकाशतत्त्वापासून पायाखालच्या मातीपर्यंत सर्व काही तिचेच रूप आहे. कॉनलाच्या विहिरीची आख्यायिकाही त्याला ह्याच दृष्टीने महत्त्वाची वाटली. ह्या विहिरीवर ज्ञानाच्या हेझल वृक्षांची छाया असून त्यांची फळे पाण्यात पडतात व तिच्यातून प्रवाह वाहतात, असे कथा सांगते. रसेलच्या दृष्टीने ही विहीर म्हणजे सर्व जाणिवेचा आदिस्रोत होय. देवांचे डोंगराखाली जाणे ह्याचाही त्याने अंतर्मुख अर्थ लावला. देव नाहीसे झालेले नाहीत, माणसाची दृष्टी मंदावली आहे. ही दृष्टी ध्यानाने पुन्हा उजळू शकते आणि आयर्लंडच्या भूमीशी निगडित अशी एक स्मृती आजही त्या ध्यानाला साहाय्य करते, असे त्याचे प्रतिपादन आहे.

ह्याच ग्रंथात त्याने ‘देवांची भाषा’ नावाचा सिद्धान्त मांडला आहे. प्रत्येक मूळ ध्वनीशी विशिष्ट तत्त्व, रंग आणि आकार निगडित असतात. उदा., ‘अ’ हा आत्म्याचा व ईश्वराचा ध्वनी असून त्याचा आकार वर्तुळ. ‘र’ हा गतीचा ध्वनी, त्याचा रंग तांबडा आणि आकार रेषा. ‘ह’ हा उष्णतेचा ध्वनी, त्याचा रंग नारिंगी आणि आकार त्रिकोण. हे संबंध आपल्याला अंतःप्रेरणेने उमगले, असे तो सांगतो. भाषाशास्त्राच्या कसोटीवर हा सिद्धान्त टिकणारा नाही. मात्र मंत्रशास्त्रातील बीजाक्षरांची कल्पना परिचित असलेल्या वाचकास त्यामागील भूमिका सहज लक्षात येईल. शब्द हा रसेलला संकेत वाटत नव्हता, शक्ती वाटत होती. त्याच्या काव्यातील शब्दयोजनेचे बळ आणि तिच्या मर्यादा ह्या दोन्हींचा उलगडा ह्या श्रद्धेतून होतो.

रसेलच्या केल्टिक अध्यात्मावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा, की त्यातील तत्त्वज्ञान थिऑसफीचे असून केवळ देवतांची नावे केल्टिक आहेत. हा आक्षेप बराचसा खरा आहे. ड्रुइड पुरोहितांनी आपली विद्या लिहून ठेवलेली नसल्यामुळे तिचे मूळ स्वरूप निश्चित करता येत नाही आणि ही उणीव रसेलने पौर्वात्य दर्शनांतील कल्पनांनी भरून काढली. मात्र एक गोष्ट त्याच्या अन्वयार्थात खास केल्टिक होती. ती म्हणजे स्थानाचे माहात्म्य. बॉइन नदीकाठचे न्यूग्रेंज येथील प्राचीन थडगे, स्लायगो परगण्यातील कॅरोमोर येथील शिळावर्तुळे, डॉनेगॉलचा समुद्रकिनारा ही सर्व त्याच्या दृष्टीने जागृत स्थाने होती. दिव्यत्व जगापलीकडे शोधावयाचे नसून ह्या मातीतच पहावयाचे, हा त्याच्या विचाराचा गाभा होय.

काव्य : होमवर्ड : साँग्ज बाय द वे (१८९४) हा रसेलचा पहिला काव्यसंग्रह. आत्मा हा प्रकाशाच्या मूळ घरातून निघालेला प्रवासी असून त्याची सारी ओढ त्या घराकडे आहे, हे त्याचे सूत्र शीर्षकातूनच सूचित होते. ह्या लहानशा पुस्तकाने त्याला आयर्लंडबरोबरच इंग्लंड व अमेरिकेतही कीर्ती मिळवून दिली. द अर्थ ब्रेथ (१८९७) आणि द डिव्हाइन व्हिजन (१९०४) हे त्यानंतरचे प्रमुख संग्रह असून कलेक्टेड पोएम्स १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हॉइसेस ऑफ द स्टोन्स (१९२५), व्हेल अँड अदर पोएम्स (१९३१) आणि द हाउस ऑफ द टायटन्स (१९३४) हे उत्तरकालीन संग्रह होत.

त्याच्या बहुतेक कविता लहान, गेय आणि एकाच क्षणाभोवती गुंफलेल्या आहेत. हा क्षण बहुधा संधिप्रकाशाचा असतो. दिवसाचा प्रकाश ओसरून डोंगर जांभळे होतात, खेड्यांतील चुलींचा धूर वर चढतो आणि दृश्य जगाच्या कडा विरू लागतात. अशा वेळी पाहणारा व दृश्य ह्यांमधील भेद नाहीसा होतो आणि कविता तेथेच थांबते. मोजक्या कडव्यांत अनुभवाची ही चढण उभी करण्याचे त्याचे कौशल्य पहिल्या दोन संग्रहांत विशेष प्रत्ययास येते. त्याच्या उणिवाही ह्याच प्रकृतीतून उद्‌भवल्या आहेत. रत्ने, ज्योती, तारे, गूढ निळाई ह्यांची शब्दकळा वारंवार येऊन एकसुरी होते आणि अमूर्त नामांची गर्दी प्रत्यक्ष वस्तूला झाकून टाकते. कविता ही आपल्याला अंतःप्रेरणेने पूर्ण स्वरूपात मिळते, अशी श्रद्धा असल्यामुळे तिच्यावर संस्कार करीत बसणे त्याला फारसे मानवत नसे. येट्स आपल्या कविता आयुष्यभर घासूनपुसून पुन्हा लिहीत राहिला. दृष्टान्तांचीही चिकित्सा केली पाहिजे, असा त्याचा आग्रह होता आणि रसेलला तो मान्य नव्हता. दोघांच्या काव्याची पुढील वाटचाल वेगळी का झाली, ह्याचे एक कारण ह्या मतभेदात सापडते.

उत्तरकालीन काव्यात शब्दांचा डौल कमी झाला आणि विचाराची धार वाढली. ‘सॅल्यूटेशन’ (१९१७) ह्या कवितेत डब्लिनच्या १९१६ मधील ईस्टर उठावात प्राण गमावलेल्या वीरांना त्याने अभिवादन केले. उठावाचा मार्ग आपला नव्हे, हे न लपवता त्यांच्या त्यागापुढे नम्र होणारी ही कविता त्याच्या प्रामाणिकपणाचा उत्तम नमुना होय. द हाउस ऑफ द टायटन्समधील प्रदीर्घ शीर्षककाव्यात अंधाराच्या प्रदेशात उतरलेला आणि आपले दिव्यत्व विसरलेला राजा नुआदा ह्याची कथा असून केल्टिक पुराणाच्या रूपाने आत्म्याच्या विस्मृतीचा विषय तीत मांडला आहे. आपल्या कवितांचा उगम कसा झाला, ह्याचा शोध त्याने साँग अँड इट्स फाउंटन्स (१९३२) ह्या ग्रंथात घेतला आहे. जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती ह्या उपनिषदांतील अवस्थांची कल्पना त्या विवेचनामागे आहे.

नाटक व चित्रकला : आयरिश वीरकथेवर आधारलेले डेअर्ड्रे हे त्याचे नाटक १९०२ च्या एप्रिलमध्ये डब्लिन येथे येट्सच्या कॅथलीन नी हूलिहन ह्या नाटकाबरोबर सादर झाले. विल्यम फे व त्याचे सहकारी ह्यांनी केलेल्या ह्या प्रयोगातूनच पुढे ॲबी थिएटरची परंपरा निर्माण झाली. नाट्यसंस्थेच्या घडणीत रसेलचा महत्त्वाचा वाटा होता. तथापि ती येट्सच्या नियंत्रणाखाली गेल्यावर तो तिच्यापासून दूर झाला. चित्रकला त्याने सुटीतील विरंगुळा म्हणून आयुष्यभर चालू ठेवली. समुद्रकाठी खेळणारी मुले, पीट इंधन वाहणाऱ्या स्त्रिया आणि अधूनमधून त्यांच्या आसपास प्रकटणाऱ्या तेजस्वी आकृती हे त्याचे आवडते विषय. त्याची चित्रे डब्लिनमधील ह्यू लेन कलावीथी आणि आर्मा येथील संग्रहालय येथे आहेत.

सहकारी चळवळ : होरेस प्लंकेट ह्याने १८९४ मध्ये आयरिश ॲग्रिकल्चरल ऑर्गनायझेशन सोसायटी ही संस्था स्थापन केली. त्यापूर्वी १८८९ मध्ये लिमरिक परगण्यात ड्रोमकॉलहर येथे पहिले सहकारी दुग्धालय निघाले होते. ब्रिटिश बाजारपेठेत डेन्मार्कच्या लोण्याने आयरिश लोण्यावर मात केली होती. घरोघरी घुसळलेले, प्रत्येक मडक्यात वेगळ्या प्रतीचे लोणी यंत्रावर काढलेल्या एकसारख्या लोण्यापुढे टिकेना. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन यंत्र घ्यावे, दूध आणून घालावे, साय काढलेले दूध वासरांसाठी व डुकरांसाठी परत न्यावे आणि नफा दुधाच्या प्रमाणात वाटून घ्यावा, असा प्लंकेटचा मार्ग होता. येट्सच्या शिफारशीवरून १८९७ मध्ये ह्या संस्थेने रसेलला संघटक म्हणून नेमले.

कापडदुकानातील ह्या कवीने पुढील काही वर्षे आयर्लंडचा पश्चिम भाग सायकलवरून पालथा घातला. ग्रामीण पतपेढ्या स्थापन करणे हे त्याचे मुख्य काम होते. तेथील लहान शेतकरी गावच्या सावकार-दुकानदाराच्या कर्जात बुडालेला असे. बियाणे, पीठ, चहा सारे उधारीवर घ्यावयाचे आणि दुकानदार सांगेल त्या भावाने अंडी व लोणी त्यालाच विकावयाचे, अशी ती कोंडी होती. तिच्यावर जर्मनीतील रायफायझेन पद्धतीच्या पतपेढीचा उपाय योजण्यात आला. पतपेढीचे क्षेत्र एखाद्या पॅरिशपुरते लहान ठेवीत, म्हणजे सभासद एकमेकांना ओळखत असत. सर्वांची जबाबदारी सामुदायिक व अमर्यादित असे. कर्ज केवळ उत्पादक कामासाठी, शेजाऱ्यांच्या जामिनावर व अल्प व्याजाने मिळे. तारणासारखे काही जवळ नसलेल्या माणसाची प्रामाणिकपणाविषयीची ख्याती हेच त्याचे भांडवल ठरे. भारतात १९०४ च्या कायद्याने सुरू झालेल्या सहकारी पतसंस्थांमागेही हाच आदर्श होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आयर्लंडमधील सर्व प्रकारच्या सहकारी संस्थांची संख्या सुमारे एक हजारावर गेली होती.

द आयरिश होमस्टेड ह्या चळवळीच्या साप्ताहिकाचे संपादन रसेलने १९०५ ते १९२३ पर्यंत केले. लोण्याचे भाव, खते, कोंबड्यांची पैदास ह्यांबरोबरच त्यात काव्य व तत्त्वचिंतनही येई. त्याने संपादकपद घेण्यापूर्वीच, १९०४ मध्ये, त्याच्या सूचनेवरून जेम्स जॉइसच्या पहिल्या कथा ह्याच पत्रात प्रसिद्ध झाल्या होत्या. पुढे जॉइसने युलिसिस (१९२२) ह्या कादंबरीत रसेललाच एक पात्र करून त्याच्या गूढवादाची थट्टा केली.

सहकार ही रसेलच्या दृष्टीने निव्वळ आर्थिक व्यवस्था नव्हती. डाना ही भूमाता असेल आणि प्रत्येक माणसात देवत्व असेल, तर त्या भूमीवर राबणाऱ्याने कर्जाच्या दास्यात राहणे हा अधर्म ठरतो, अशी त्याची भूमिका होती. एकत्र दूध घालणारी माणसे हळूहळू एकत्र विचार करू लागतील, त्यांतून ग्रामसमाज उभा राहील आणि त्या समाजाला स्वतःचे सौंदर्य व संस्कृती प्राप्त होईल, असा विश्वास त्याने द नॅशनल बीइंग (१९१६) ह्या ग्रंथात व्यक्त केला. राष्ट्र हे सैन्याने वा संसदेने घडत नसून लोकांच्या कल्पनेत घडते आणि नंतर व्यवहारात उतरते, हे त्याचे मुख्य प्रमेय होय.

सार्वजनिक जीवन : राजकीय पक्षांपासून अलिप्त राहूनही अन्यायाच्या प्रसंगी रसेल गप्प बसला नाही. १९१३ मध्ये डब्लिनच्या मालकवर्गाने कामगार संघटना मोडण्यासाठी हजारो कामगारांना कामावरून दूर ठेवले, तेव्हा त्याने द आयरिश टाइम्समध्ये मालकांना उद्देशून एक अनावृत पत्र प्रसिद्ध केले. शहरातील गरिबांना उपासमारीने नमविण्याच्या ह्या प्रयत्नाची त्याने त्यात कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली. आयर्लंडच्या राज्यघटनेविषयी एकमत घडविण्यासाठी भरलेल्या १९१७-१८ च्या आयरिश अधिवेशनाचा तो सदस्य होता. पण तडजोडीची आशा मावळल्यावर त्याने राजीनामा दिला.

स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात त्याच्या कार्यावरच आघात झाला. १९२० पासून ब्रिटिश सशस्त्र दलांनी सूड म्हणून अनेक सहकारी दुग्धालये जाळली. दुग्धालय नष्ट झाले, की त्या परिसरातील सर्वच शेतकऱ्यांची उपजीविका धोक्यात येई. रसेलने ह्या घटनांची माहिती जमवून जाहीर चौकशीची मागणी केली. पुढील यादवी युद्धात प्लंकेटचे घर स्वतंत्र आयर्लंडच्याच बंडखोरांनी १९२३ मध्ये जाळले. देशाच्या फाळणीमुळे उत्तरेकडील संस्था वेगळ्या संघटनेत गेल्या. हिंसेच्या ह्या काळातील विचारमंथन द इंटरप्रिटर्स (१९२२) ह्या संवादरूप ग्रंथात आले आहे. साम्राज्याविरुद्ध उठाव करणारे आणि चुकून पकडला गेलेला एक साम्राज्यवादी असे काही बंदी एका रात्री आपापल्या राजकीय श्रद्धेचा आध्यात्मिक पाया शोधतात, अशी त्याची मांडणी आहे. प्रत्येक बाजूला बोलू देणारा हा ग्रंथ रसेलच्या गद्यातील सर्वांत प्रगल्भ ग्रंथ म्हणता येईल.

नव्या राज्याच्या सिनेटचे सदस्यत्व त्याने नाकारले. १९२३ पासून १९३० पर्यंत त्याने द आयरिश स्टेट्समन हे साप्ताहिक चालविले आणि त्यातून १९२९ च्या ग्रंथनियंत्रण कायद्याला विरोध केला. फ्रँक ओकॉनर, शॉन ओफेलन, पॅट्रिक कॅव्हना इ. लेखकांना ह्या पत्राने प्रारंभीच्या काळात आश्रय दिला. मेरी पॉपिन्स ह्या बालकथेची लेखिका पी. एल. ट्रॅव्हर्स हिलाही त्याचे मार्गदर्शन लाभले. कॅव्हना हा मोनॅहन परगण्यातील शेतकरी कवी १९३१ मध्ये डब्लिनपर्यंत पायी चालत रसेलला भेटावयास आला आणि पुस्तकांचे ओझे घेऊन परतला. नवोदितांना घडविण्यात रसेलने किती वेळ खर्च केला, ह्याचे हे एक उदाहरण होय.

अखेरची वर्षे : ज्या आयर्लंडची त्याने कल्पना केली होती, ते प्रत्यक्षात आले नाही. सहकारी दुग्धालये टिकली, पण ती मुख्यतः व्यापारी संस्था राहिल्या. त्यांतून उमलेल अशी आशा होती तो ग्रामसमाज मात्र उमलला नाही. पत्नीचे १९३२ मध्ये निधन झाले. त्याच वर्षी आयरिश अकॅडमी ऑफ लेटर्सच्या स्थापनेत त्याने येट्सला साहाय्य केले. वाढत्या संकुचितपणाला कंटाळून १९३३ मध्ये त्याने डब्लिन सोडले व तो लंडनला राहू लागला. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या द अवतार्स ह्या कल्पित कथेत आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रकटलेल्या दोन दिव्य व्यक्तींचे चित्रण आहे. तारुण्यात ज्या अवताराची तो प्रत्यक्ष वाट पाहत होता, त्याला अखेर त्याने भविष्यकथेत स्थान दिले. अमेरिकेत मात्र त्याच्या ग्रामविचारांना श्रोते मिळाले. १९२८ पासून तेथे त्याने व्याख्यानदौरे केले आणि हेन्री वॉलेस ह्या कृषिमंत्र्याला त्याच्याविषयी आदर होता. इंग्लंडमधील बोर्नमथ येथे कर्करोगाने त्याचे निधन झाले. त्याचे दफन डब्लिनच्या माउंट जेरोम दफनभूमीत करण्यात आले आणि फ्रँक ओकॉनरने तेथे श्रद्धांजलीपर भाषण केले.

भारतातील परिचय : रसेलच्या मंडळातील कवी जेम्स कझिन्स १९१५ मध्ये मद्रासला आला. त्याच्या लेखनामुळे आयरिश पुनरुज्‍जीवनाची ओळख भारतीय वाचकांना झाली. श्रीअरविंदांनी आर्य मासिकातील द फ्यूचर पोएट्री ह्या लेखमालेत (१९१७–२०) भावी आध्यात्मिक काव्याची चाहूल ज्यांच्या रचनेत लागते, अशा कवींत रसेलची गणना केली. त्यांचे शिष्य दिलीपकुमार रॉय ह्यांच्याशी रसेलचा पत्रव्यवहार होता.

मूल्यमापन : कवी म्हणून रसेलचे स्थान आज येट्सच्या बरेच खाली मानले जाते. त्याच्या विपुल रचनेतून काही थोड्या भावकविताच टिकून राहिल्या आहेत. द कँडल ऑफ व्हिजन हा ग्रंथ मात्र गूढानुभवाचे साधे व प्रांजळ निवेदन म्हणून अद्याप वाचला जातो. विसाव्या शतकाच्या अखेरीस केल्टिक अध्यात्माविषयी पाश्चात्त्य देशांत नव्याने आस्था निर्माण झाली आणि आयरिश कवी व तत्त्वचिंतक जॉन ओडनह्यू (१९५६–२००८) ह्याच्या ॲनम कारा (१९९७) सारख्या पुस्तकांना मोठा वाचकवर्ग लाभला. ह्या प्रवाहाने निसर्गातील दिव्यत्वावर जो भर दिला, तो रसेलने शंभर वर्षांपूर्वीच दिला होता. तथापि त्याची पुढची पायरी, म्हणजे त्या दिव्यत्वाची जाणीव शेतकऱ्याच्या कर्जखात्यापर्यंत नेण्याची धडपड, ही त्याची स्वतःची होती. कवी म्हणून जे त्याला शब्दांत पूर्णपणे साधले नाही, ते सायकलवरून हिंडणाऱ्या संघटकाने काही प्रमाणात साधले. त्याची वाङ्‌मयीन योग्यता ठरविताना हे कार्य वेगळे काढता येत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ही दोन्ही एकाच साधनेची अंगे होती.